न थांबलेली लेखणी : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

वाशीहून हार्बर मार्गाची गाडी पकडली की ती खाडी ओलांडून मानखुर्द, गोवंडी, चेंबूर अशी स्थानके मागे टाकत कुर्ल्याला पोहोचते. तेथे गाडी बदलावी, विद्याविहार सोडावे, की घाटकोपर येते. घाटकोपरच्या पश्चिमेला चिरागनगर नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. वाशीपासून हे अंतर तासाभराचेही नाही. या वस्तीतील एका झोपडीत मराठीतील एक मोठा लेखक अनेक वर्षे राहिला. तेथे बसून त्याने जे लिहिले, त्याने मराठी साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या माणसांना आत आणून बसवले. त्या लेखकाचे नाव तुकाराम भाऊराव साठे. महाराष्ट्र त्यांना लोकशाहीर अण्णाभाऊ साठे म्हणून ओळखतो.

अण्णाभाऊंनी आपली नवी मुंबई पाहिली नाही. १९६९ च्या जुलै महिन्यात त्यांचे निधन झाले. नवे शहर वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती त्यानंतर, मार्च १९७० मध्ये. खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली वाहतुकीस खुला झाला. त्यांच्या हयातीत वाशी हे आगरी-कोळी बांधवांचे खाडीकाठचे गाव होते. तरीही ते आपल्याला परके नाहीत. मुंबईतील घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने येथे हलले, आणि त्या बाजारांबरोबर वाळवा, शिराळा, कराड, पाटण या भागांतील माथाडी कुटुंबेही येथे आली. ही सारी अण्णाभाऊंच्या मातीतील माणसे. आपल्या शाळेच्या पालकवर्गातही असे गाव मागे ठेवून आलेले अनेकजण असतील. पाठीवर ओझे वाहणाऱ्या या माणसांचे जगणे लिहिण्याजोगे आहे, हे ठामपणे मांडणाऱ्या आरंभीच्या मराठी लेखकांत अण्णाभाऊंचे स्थान फार वरचे आहे.

दर वर्षी १ ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. त्या भाषणांत त्यांच्या दीड दिवसाच्या शाळेचा उल्लेख हमखास येतो आणि लगेच पुढच्या वाक्यात त्यांच्या पुस्तकांची संख्या सांगितली जाते. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे ऐकणाऱ्या मुलांना वाटते, की हा काही चमत्कार होता, आणि चमत्कार आपल्या वाट्याला येणे शक्य नाही. म्हणून या लेखात त्या मधल्या वर्षांकडे थोडे निरखून पाहावयाचे आहे. शाळा नाही, टेबल नाही, निवांतपणा नाही, हाती पैसा नाही, अशा स्थितीत एक माणूस पाव शतक सातत्याने लिहीत राहिला. तो कोणत्या बळावर लिहीत राहिला, आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागले?

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव वाळवा तालुक्यात आहे. तो भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे, आज तो सांगली जिल्ह्यात आहे. वडील भाऊराव, आई वालुबाई. मातंग समाजातील हे कुटुंब गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत होते. त्या काळी या समाजावर इंग्रज सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि पोलिसांच्या हजेरीचा जाच त्याच्या मागे लागला होता. गावात काही चोरीमारी झाली, तर संशयाचे बोट प्रथम या वस्तीकडे वळत असे. शाळेचा अनुभव थोडक्यात आटोपला. गुरुजींची जरब आणि जातीमुळे वाट्याला येणारी वागणूक यांत त्या मुलाचे मन तेथे रमले नाही. औपचारिक शिक्षणाचा अध्याय तेथेच संपला.

मात्र शिकणे संपले नाही. वस्तीवर गोष्टी होत्या, गाणी होती, डफ होता, वारणाकाठच्या शूर माणसांच्या हकिकती होत्या. त्यात फकिरा नावाच्या एका मातंग वीराची हकिकत होती. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांसाठी त्याने सरकारी खजिना लुटला होता. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी याच फकिराने साठे कुटुंबाच्या हाती सुरती रुपये ओंजळीने दिले, अशी आठवण सांगितली जाते. लहानपणी कानी पडलेली ही हकिकत त्यांनी लगेच लिहिली नाही, लिहिता येणेही शक्य नव्हते. ती त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे सांभाळली. लेखकाचे पहिले भांडवल म्हणजे त्याने जपलेली आठवण. ते भांडवल गरिबाच्या घरीही असते.

अण्णाभाऊ दहा-बारा वर्षांचे असताना दुष्काळ आणि दारिद्र्य यांनी कुटुंबाला गाव सोडावयास लावले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तेथे मुक्काम करीत हे कुटुंब पायी मुंबईला आले. आज आपण एसटीने एका रात्रीत जो रस्ता ओलांडतो, त्याला त्यांना कित्येक दिवस लागले. मुंबईत आल्यावर या मुलाने हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, पुढे गिरणीतही काम केले. दुकानांवरच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचत त्याने अक्षरे पक्की केली, असे सांगतात. पाटीवरचे अक्षर ओळखणे आणि कादंबरी लिहिणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर अण्णाभाऊंनी वाचनाने तोडले. मिळेल ते वाचावे, वाचलेले सोबत्यांना सांगावे, त्यावर वाद घालावा, अशी सवय त्यांना कामगार चळवळीत लागली. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की यांचे लेखन त्यांना विशेष जवळचे वाटले. गॉर्कींनीही बालपणी हालअपेष्टा सोसल्या होत्या आणि त्यांचीही शाळा लवकर सुटली होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारख्याच एका माणसाने हे करून दाखवले आहे, एवढी जाणीवही नवोदित लेखकाला मोठा आधार देते.

गिरणीतले काम सुटल्यावर काही काळ अण्णाभाऊ गावी परतले आणि आपले नातलग बापू साठे यांच्या तमाशात रमले. या काळाला केवळ भटकंती म्हणून सोडून देऊ नये. तमाशाच्या फडात त्यांनी वाद्ये हाताळली, सोंगे वठवली, कवने पाठ केली. तमाशाचा प्रेक्षक हा कठोर परीक्षक असतो. त्याला कंटाळा आला, तर तो मुकाट्याने बसून राहत नाही. कोठे विनोद हवा, कोठे कथा वळवावी, कोणता शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो आणि कोणता अर्ध्यावरच गळून पडतो, याचे शिक्षण तेथे रोज रात्री मिळत असे. पुढे अण्णाभाऊंच्या गद्यातही वाक्ये आखूड राहिली, संवाद जिवंत राहिले, प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याचे मूळ या फडात आहे. शाळेने त्यांना जे दिले नाही, ते या लोककलेने दिले.

मुंबईत परतल्यानंतर माटुंग्याची लेबर कॅम्प ही वस्ती त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची ठरली. महाडच्या सत्याग्रहाच्या संघटनेत पुढाकार घेतलेले आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेलेले कॉम्रेड रा. ब. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते या वस्तीत काम करीत होते. अण्णाभाऊही त्या कामात ओढले गेले. त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी एक या वस्तीतील डासांवर होती, असे सांगितले जाते. ही गोष्ट ऐकून आपण हसू, पण तिच्यात लेखनाचा एक मोठा धडा आहे. लिहू लागलेली मुले बहुधा चंद्र, पाऊस, आई असे विषय शोधतात, आणि विषय सापडत नाही म्हणून थांबतात. अण्णाभाऊंनी विषय शोधण्यासाठी वस्ती सोडली नाही. रात्री ज्यांनी झोपू दिले नाही, त्या डासांवरच त्यांनी कवन रचले आणि ज्यांना तोच त्रास होता, त्यांना ते ऐकवले. ज्याचे लेखन रोजच्या जगण्याशी जोडलेले असते, त्याला विषयाचा दुष्काळ पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला आणि त्यांचे नाव वस्तीबाहेर गेले. १९४४ साली अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. कामगार वस्त्यांतून, गावोगावच्या मैदानांतून हे पथक कार्यक्रम करू लागले. अण्णाभाऊंच्या लेखनाला सातत्य आले, ते या पथकाच्या काळात. पथकाला नवा कार्यक्रम लागे. संप असे, सभा असे, निवडणूक असे, आणि त्यासाठी ठरलेल्या दिवशी रचना तयार असावी लागे. प्रेरणेची वाट पाहत बसण्याची चैन तेथे नव्हती. सोबती चाल बांधण्यासाठी खोळंबलेले असत. लेखन हे एकट्याचे काम आहे, असे आपण म्हणतो, परंतु ते चालू ठेवण्यासाठी चार माणसांची वाट पाहणारी नजर फार उपयोगी पडते. अण्णाभाऊंना ती नजर मिळाली होती. आपल्यासाठी कोणी खोळंबले आहे, ही जाणीव आळसाला जागा ठेवत नाही.

या काळात त्यांनी वगनाट्ये लिहिली. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'माझी मुंबई' ही त्यांतील काही. तमाशाची परंपरागत मांडणी गण, गवळण, बतावणी आणि वग अशी असते. अण्णाभाऊंनी ती मोडून टाकली नाही, पण आतून बदलली. गणात देवतेच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले, कृष्ण-गवळणींचा भाग गळाला, आणि वगात राजा-प्रधानाऐवजी सावकार, शेठजी, पुढारी आणि कामगार आले. प्रेक्षकांना रूप ओळखीचे वाटे आणि आशय मात्र नवा असे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा या कामापुढे मोठे संकट उभे राहिले. अण्णाभाऊंनी त्यावर तोडगा काढला. तमाशाचे बळ कायम ठेवून त्यांनी लोकनाट्य या नावाने तो प्रकार पुढे नेला. एक दार बंद झाले, म्हणून ते दारापाशी बसून राहिले नाहीत. ज्यांचे साधन हिरावून घेतले जाते, त्यांनी काय करावे, याचे हे उदाहरण आहे.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली. अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णाभाऊ या तिन्ही शाहिरांनी महाराष्ट्र पिंजून काढला. गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुंबईतील कामगाराची अण्णाभाऊंनी रचलेली लावणी या काळात घरोघरी पोहोचली. तीत त्या कामगाराच्या विरहाला मराठी मुलखाच्या ताटातुटीचा अर्थ मिळाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या दिवसामागे जसे सत्याग्रहींचे बलिदान आहे, तसे या शाहिरांच्या गळ्याचे आणि लेखणीचे कष्टही आहेत.

शाहिरी चालू असतानाच अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे वळले होते. पोवाडा मैदानात म्हटला जातो आणि त्याची दाद तेथेच मिळते. कादंबरीचे तसे नाही. ती महिनोन्महिने एकट्याने लिहावी लागते, आणि वाचकाचा चेहरा दिसत नाही. त्यासाठी वेगळा धीर लागतो. अण्णाभाऊंनी तो धीर चिरागनगरच्या झोपडीत राहून दाखवला. लहानशी जागा, पावसाळ्यातील ओल, दाटीवाटीच्या वस्तीचा अखंड गलका, घरातील मुलेबाळे आणि उद्याच्या चुलीची चिंता, अशा ठिकाणी लेखनाला हवा असणारा एकांत कोठून मिळणार? तो त्यांना बाहेर मिळाला नाही, म्हणून त्यांनी मनात निर्माण केला असावा. एक गोष्ट मात्र त्यांच्या पुस्तकांवरून स्पष्ट दिसते. वस्तीच्या गलक्याला त्यांनी लेखनाचा शत्रू मानले नाही, तर त्यातूनच कथा उचलल्या. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'चिरागनगरची भुतं' असे आहे. 'बरबाद्या कंजारी'सारख्या कथेत मुंबईच्या कडेला जगणारी भटकी माणसे आपापल्या मानापमानासह उभी राहतात. ज्या गोंगाटाने दुसऱ्या लेखकाची लेखणी थांबली असती, तोच त्यांनी कान देऊन ऐकला.

'स्मशानातील सोनं' ही त्यांची कथा अनेकांनी वाचली असेल. तिचा नायक भीमा हा वारणाकाठचा ताकदवान गडी. पोटासाठी तो मुंबईजवळच्या खाणीत राबत असतो. खाण बंद पडते आणि भूक त्याला स्मशानात नेते. प्रेतांबरोबर जळलेल्या, पुरलेल्या सोन्याच्या कणांवर तो घर चालवू लागतो. अखेरीस एका प्रेताच्या जबड्यात अडकून तो आपली बोटे गमावतो, आणि त्यानंतर त्याला खाण पुन्हा सुरू होत असल्याचे कळते. काम आले, पण काम करणारा हात गेला. ही कथा लिहिणाऱ्याला कामगाराच्या हाताचे मोल ठाऊक होते, कारण त्याने स्वतः त्या हातांनी ओझी उचलली होती. करुणा दाखवण्यासाठी लेखकाने येथे आवाज चढवलेला नाही. घडले ते सरळ सांगितले आहे, आणि वाचक आपोआप अंतर्मुख होतो.

१९५९ साली 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लहानपणी ऐकलेली ती हकिकत इतक्या वर्षांनी अक्षरांत उतरली. ज्या समाजाला सरकारने गुन्हेगार ठरवले होते, त्या समाजातील माणसाचे शौर्य, सचोटी आणि लोकांसाठी प्राण देण्याची तयारी त्या कादंबरीने मराठी वाचकांपुढे मांडली. १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. हे पुस्तक अण्णाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केले आहे. ही अर्पणपत्रिका आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. बाबासाहेबांचे नेतृत्व, त्यांची विद्वत्ता, त्यांचे संघटनकौशल्य यांपैकी कशालाही ते पुस्तक अर्पण करता आले असते. अण्णाभाऊंनी निवड केली ती लेखणीची. एका लिहिणाऱ्याने दुसऱ्या लिहिणाऱ्याच्या कष्टांना केलेले ते वंदन आहे. बाबासाहेबही प्रकृती साथ देत नसताना अखेरच्या दिवसांपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम करीत राहिले होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर अण्णाभाऊंनी रचलेले गीत आजही आपल्या सभांतून गायले जाते. अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीत घडले, आणि बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर त्यांच्या लेखनात खोलवर उतरला. हे दोन प्रवाह त्यांच्या ठायी भांडत बसले नाहीत.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरली आहे, ही पुराणातील कल्पना बाजूला सारून जगाचा भार दलित आणि कष्टकरी माणसांनी पेलला आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला. पुढे दलित साहित्याची जी लाट आली, ज्या कविता, कथा आणि आत्मकथने लिहिली गेली, त्यांच्या उगमापाशी हा दिवस आहे. १९६१ साली त्यांना रशियाला जाण्याची संधी मिळाली. ज्या देशाच्या लढाईवर त्यांनी वस्तीत बसून पोवाडा रचला होता, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला. परत आल्यावर त्यांनी त्यावरही पुस्तक लिहिले. पायी मुंबईला आलेल्या मुलाने लिहिलेले हे प्रवासवर्णन आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

आता थोडा हिशेब मांडू. १९४३ च्या सुमारास त्यांचे नाव होऊ लागले आणि १९६९ मध्ये ते गेले. या सुमारे सव्वीस वर्षांत त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्याशिवाय दहाहून अधिक कथासंग्रह, लोकनाट्ये, नाटके, पोवाडे, लावण्या आणि प्रवासवर्णन आहे. म्हणजे केवळ कादंबऱ्या धरल्या, तरी वर्षाला एकाहून अधिक पुस्तक होते. हे काम एखाद्या रात्रीच्या स्फूर्तीने होत नाही. आज चार पाने, उद्या चार पाने, आजारी असलो तरी दोन पाने, अशा बैठकीशिवाय एवढी पाने भरत नाहीत. हमाल जसा दिवस उजाडला की बाजाराकडे निघतो, तसे अण्णाभाऊ लेखनाकडे गेले असले पाहिजेत. त्यांनी लेखनाला रोजच्या कामाची प्रतिष्ठा दिली.

या सातत्याची किंमतही सांगितली पाहिजे, नाही तर हे चरित्र अपुरे राहील. एवढे लिहूनही त्यांचे दारिद्र्य हटले नाही. पुस्तके खपली, 'वैजयंता', 'वारणेचा वाघ' यांसारख्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण लेखकाच्या पदरी पडणारा मोबदला अपुरा होता. घर चालवण्यासाठी भराभर लिहावे लागे, म्हणून त्यांच्या काही पुस्तकांत घाई दिसते, काही प्रसंगांची पुनरावृत्ती होते. समीक्षकांनी या उणिवा दाखवल्या आणि त्या खऱ्या आहेत. परंतु पुन्हा लिहून काढण्यासाठी जी उसंत लागते, ती त्यांना कोणी दिली होती? अखेरच्या वर्षांत प्रकृती खालावली. एकाकीपणा आणि व्यसन यांनी शरीर पोखरले. सुखवस्तू साहित्यविश्वाने त्यांच्याकडे बराच काळ पाठ फिरवली होती. शेवटी ते गोरेगावला राहावयास गेले. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यास दोन आठवडे उरले होते. चिकाटीने त्यांचे लेखन तगले, पण चिकाटी त्यांचे शरीर तगवू शकली नाही. लेखकाची सवय लेखकाने लावून घ्यावयाची असते. त्याच्या पोटाची, औषधाची आणि निवाऱ्याची काळजी मात्र समाजाने वाहावयाची असते. त्या बाबतीत समाज कमी पडला, हे मान्य केले पाहिजे. माथाडी कामगारांना संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्राने केला, तो याच १९६९ सालचा. ओझे वाहणाऱ्या माणसाच्या श्रमाला मोल असते, हे त्या कायद्याने मान्य केले. शब्दांचे ओझे वाहणाऱ्याच्या श्रमाला मोल देणे अजून आपल्याला नीट जमलेले नाही.

मृत्यूनंतर मानसन्मान आले. त्यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले, २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२० साली जन्मशताब्दी झाली, २०२२ साली मॉस्कोमध्ये त्यांचा पुतळा बसला. त्यांची पुस्तके रशियनसह अनेक भाषांत गेली. हे सर्व योग्यच आहे. परंतु पुतळ्याला घातलेला हार लेखकाला वाचता येत नाही आणि खाताही येत नाही. जिवंतपणी विकत घेतलेले एक पुस्तक, वेळेवर दिलेला मोबदला, लिहिण्यासाठी मोकळी करून दिलेली एक खोली, यांचे मोल त्याहून अधिक आहे.

आता आपल्याकडे वळू. निवासी शाळेत राहणाऱ्या मुलाकडे काय असते? डोक्यावर छप्पर असते, ठरलेल्या वेळी जेवण मिळते, संध्याकाळी अभ्यासाचा तास असतो, त्या तासाला दिवा असतो, बसावयाला जागा असते, आणि मागता येईल असे ग्रंथालयातील पुस्तक असते. आपल्याला या गोष्टी किरकोळ वाटतात, कधी त्यांचा कंटाळाही येतो. अण्णाभाऊंच्या आयुष्यात यांपैकी एकही गोष्ट सलगपणे लाभली नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांनी लिहावयाचे ठरवले होते आणि नोकरी, प्रपंच, लोकलचा प्रवास यांत ते राहून गेले, त्यांनी या जीवनाकडे पुन्हा एकदा पाहावे. वेळ नाही ही अडचण खरी असते, जागा नाही ही अडचणही खरी असते. तरीही आजूबाजूचे ऐकून ठेवणे, ऐकलेले जपणे, रोज थोडे लिहिणे, एक प्रकार अडला तर दुसरा हाताळणे, आणि लिहिलेले आपल्या माणसांना वाचून दाखवणे, एवढे तरी करता येते. अण्णाभाऊंनी हेच केले.

पालकांकडेही एक मागणे आहे. आपले मूल वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत बसले, तर ते वाया गेलेले पान समजू नये. त्याला बाजारातील, गावाकडची, आपल्या आजोबांची एखादी गोष्ट सांगावी. वाटेगावच्या वस्तीवर कोणी तरी फकिराची हकिकत एका लहान मुलाला सांगितली होती, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली आहे. ती सांगणाऱ्याचे नाव इतिहासात नाही, पण त्याचे काम पुरे झाले.

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या न थांबलेल्या लेखणीला या स्मरणिकेच्या निमित्ताने विनम्र अभिवादन.